आखूड नळीची रायफल: कायदा, कागद आणि खरा उपयोग

डॅलसकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे टेक्सासात रेंजवर गेलं की सध्या एकच विषय, "फॉर्म भरलास का?" १ जानेवारी २०२६ पासून आखूड नळीच्या रायफलवरचा दोनशे डॉलरचा कर शून्यावर आला. ४ जुलै २०२५ ला ट्रम्पनी सही केलेल्या त्या अगडबंब अर्थविषयक कायद्यात ही तरतूद होती. कर गेला, नोंदणी मात्र जशीच्या तशी राहिली.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत रायफलची नळी १६ इंचांपेक्षा कमी, किंवा अख्खी रायफल २६ इंचांपेक्षा कमी असेल, तर ती एसबीआर, म्हणजे शॉर्ट बॅरल रायफल. शॉटगनला, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीला, नळीचा हाच आकडा १८ इंच. १६ इंची रायफल इथे दुकानात पार्श्वभूमी तपासणी झाली की त्याच दिवशी घरी नेता येते. तीच अर्ध्या इंचाने आखूड आणि बिननोंदणीची सापडली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग. आणि गंमत म्हणजे तेच काडतूस उडवणारं, त्याच बनावटीचं, १० इंच नळीचं पण खांद्याला लावायचा दस्ता नसलेलं हत्यार 'पिस्तूल' म्हणून बिनधास्त विकलं जातं.

माझ्याकडे दोन रायफली आहेत, दोन्ही १६ इंची. एकीला रीतसर परवानगी काढून आखूड नळी बसवावी की नाही, यावर मित्रांचे दोन तट पडलेत. कायदा मी बऱ्यापैकी वाचलाय. प्रत्यक्षात उपयोग किती, हे जाणकारांकडून ऐकायचंय. आणि भारतात याबद्दल काय नियम आहेत तेही सांगा, आजोळी बारा बोअरची दोन नळी होती म्हणून कुतूहल आहे.

(बंदुका असाव्यात की नसाव्यात यावर वेगळा धागा काढावा ही विनंती. तरी कोणीतरी काढणारच, याची कल्पना आहे.)

---

सोमवारचा_उपास

पहिला प्रश्न माझा. १६च का? १५ का नाही, १७ का नाही? हा आकडा कोणी, कुठून काढला?

---

काळाकोट

सोमवारभाऊ, प्रश्न सोपा वाटतो पण मुळावरच बोट ठेवलंत. वकिली नागपुरात करतो, अमेरिकेत नाही. पण हा इतिहास मला फार आवडतो, म्हणून जरा पाल्हाळ सहन करा.

१९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट. दारूबंदी नुकतीच उठलेली, टोळीयुद्धांच्या बातम्यांनी पेपर भरलेले. बंदुकांवर थेट बंदी घालायचा अधिकार केंद्राकडे आहे की नाही याची सरकारला धाकधूक होती, म्हणून बंदीऐवजी कर लावला. दोनशे डॉलर. तेव्हा थॉमसन सबमशीनगनची किंमतच साधारण तेवढी होती, म्हणजे वस्तूइतकाच कर. महागाई वाढत गेली, पण हा आकडा ९० वर्षं कोणी हलवला नाही, त्यामुळे तो आपोआप किरकोळ होत गेला.

आता खरी मेख. मूळ मसुद्यात पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. पिस्तुलावर कर लावला तर लोक रायफलीची नळी आणि दस्ता कापून खिशातलं हत्यार बनवतील, ही पळवाट बुजवायला आखूड रायफल आणि आखूड शॉटगन कायद्यात घातली. पुढे विरोध झाला आणि पिस्तुलं मसुद्यातून वगळली. पण पळवाट बुजवणारं कलम तसंच राहिलं! ज्या दारासाठी कुलूप आणलं ते दार काढून टाकलं, कुलूप मात्र भिंतीला लटकतंय.

सुरुवातीला रायफलीलाही १८ इंचच होते. सरकारने दुसऱ्या महायुद्धातल्या एम-१ कार्बाइन, म्हणजे आखूड रायफली, नागरिकांना विकायला काढल्या आणि त्यांची नळी १८ इंचांच्या अगदी काठावर. म्हणजे सरकारनेच विकलेला माल मोजणीत बेकायदा ठरण्याची वेळ. १९६० मध्ये रायफलीची मर्यादा १६ वर आणली. तुमच्या १६ इंचामागे कुठलंही शास्त्र नाही.

दुसरं म्हणजे १९३७ च्या सोन्झिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला, तो 'हा कर आहे आणि कर लावायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, आहे' म्हणून. आता करच शून्य झाला तर नोंदणी कशाच्या आधारावर उभी? याच मुद्द्यावर २०२५ मध्येच टेक्सासात दावा दाखल झालाय. डॅलसकर, तुम्ही फॉर्म भरेपर्यंत फॉर्मच गेला, असंही होऊ शकतं. पण म्हणून तो न भरता काही करू नका. खटला जिंकेपर्यंत कायदा कायदाच असतो.

---

सोमवारचा_उपास

वाचनखूण साठवली. कुलूप लटकतंय हे भारी.

---

पुस्तकी_किडा

काळाकोट यांच्या प्रतिसादात भर. या एक-दोन इंचांच्या हिशोबातून केवढं रामायण घडू शकतं त्याचं उदाहरण म्हणजे आयडाहोतलं रूबी रिज. रँडी वीव्हर नावाच्या माणसाने १९८९ मध्ये दोन शॉटगन कापून एकाला विकल्या. घेणारा एटीएफचा, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचा, खबऱ्या निघाला. खटला, तारखेला गैरहजेरी, वॉरंट असं करत ऑगस्ट १९९२ मध्ये डोंगरातल्या त्याच्या घराला वेढा पडला. त्यात त्याची बायको, १४ वर्षांचा मुलगा आणि एक सरकारी मार्शल मारले गेले. पुढे ज्युरीने वीव्हरला हत्याराच्या मूळ आरोपातून निर्दोष सोडलं, कारण त्याला जाळ्यात ओढल्याचं त्यांना पटलं. माणूस काही सज्जन नव्हता, वर्णद्वेष्ट्यांच्या मेळाव्यांना जाणारा होता. पण अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या मनात एटीएफबद्दल जी अढी आहे, तिचं एक मूळ इथे आहे.

सर्वोच्च न्यायालयासमोर दुसऱ्या दुरुस्तीचा, म्हणजे शस्त्र बाळगायच्या घटनात्मक हक्काचा, एक मोठा खटला, १९३९ चा मिलर, तोही आखूड शॉटगनचाच होता. १८ इंचांहून आखूड शॉटगन मिलिशियाच्या (नागरिकांच्या सैन्यदलाच्या) कामाची असल्याचा पुरावा समोर नाही, असं कोर्ट म्हणालं. आरोपीच्या बाजूने तिथे कोणी उभंच राहिलं नव्हतं, एकतर्फी सुनावणी झाली.

---

फौजी_साताऱ्याचा

जय हिंद. फौजेत आर्मरर होतो, सगळी नोकरी हत्यारं उघडण्यात आणि जोडण्यात गेली. उपयोगाचं विचारलंय म्हणून लिहितो.

नळी आखूड केली की काय मिळतं? गाडीतून उतरताना, दारातून आत शिरताना, जिन्यावर वळताना हत्यार अडकत नाही. बस. याच्यापलीकडे जे मिळतं ते सगळं तोट्याचं.

दारू जळायला नळीत जागा लागते. ५.५६ मिलिमीटरची गोळी २० इंची नळीतून सेकंदाला साधारण ९५० मीटरने निघते. अमेरिकन फौजेच्या साडेचौदा इंची एम-४ मधून ती ९०० च्या खाली येते, आणि दहा-सव्वादहा इंचीतून ८०० च्या आसपास. उरलेली दारू नळीच्या बाहेर जळते. म्हणजे तोंडाशी हा एवढा जाळ आणि कान फाडणारा आवाज. रायफलचा आवाज एरवीच १६० डेसिबलच्या पुढे असतो, आखूड नळीत तो आणखी चढतो. बंद खोलीत कानाला काही न लावता एक गोळी झाडून बघा, म्हणजे नका बघू, माझ्या बरोबरीच्यांपैकी निम्म्यांना आज टीव्ही मोठ्याने लावावा लागतो.

तिसरी भानगड गॅसची. ही हत्यारं नळीतला गॅस एका भोकातून मागे घेऊन पुढची गोळी भरतात. त्या भोकाच्या पुढे नळी किती उरली यावर दाब किती वेळ टिकतो ते ठरतं. नळी आखूड झाली की सगळं गणित चुकतं. भोकाचा आकार, बफरचं (मागे धक्का झेलणाऱ्या भागाचं) वजन, स्प्रिंग, सगळं नव्याने बसवावं लागतं. कारखान्याने आखूड म्हणूनच बनवलेलं हत्यार वेगळं आणि मोठ्याचं लहान केलेलं वेगळं. दुसऱ्यात अडकण्याचे प्रकार फार. वर्कशॉपला असली हत्यारं आली की आम्ही आधी चहा मागवायचो.

इतिहासातलंही एक सांगतो. .३०३ ची पहिली लांब ली-एन्फिल्ड ३०.२ इंच नळीची. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर इंग्रजांनी पायदळ आणि घोडदळ दोघांना चालेल अशी २५.२ इंचांची केली, तीच आपल्या ईशापूरच्या बंदूक कारखान्यात पुढे वर्षानुवर्षं बनली. हे आखूड करणं शंभर टक्के यशस्वी. मग १९४४ मध्ये हाव सुटली आणि साडेवीस इंचांची जंगल कार्बाइन काढली. तोंडाला जाळ लपवणारा, नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर, मागे इवलंसं कडक रबर. वजन कमी आणि दणका जास्त. जवानांची तक्रार अशी की हिचा नेम जागेवर राहत नाही, आज नेम जुळवून ठेवा, उद्या गोळी दुसरीकडेच. तीन-चार वर्षांत उत्पादन बंद. म्हणजे पाच इंच कापून जमलं, आणखी पाच कापायला गेले तर फसलं.

---

करवीरकर

हवालदारसाहेब, एक नंबर. जरा आमच्या .२२ बोअरच्या नेमबाजी रायफलीचं पण बघा.

कोल्हापुरात रायफल शूटिंग म्हणजे घरचंच काम. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली ती ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरायच्या प्रकारात, आणि स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये थ्री पोझिशनला, म्हणजे तीन पवित्र्यांच्या प्रकारात, ब्राँझ आणलं. लोकांना वाटतं या रायफलींची नळी लांबलचक असते. तशी नसते भावा. जवळून बघितलं तर पुढचा बराचसा भाग नुसती पोकळ नळकांडी असते, आतून गोळीला कुठंच टेकत नाही. आम्ही तिला ट्यूब म्हणतो. खरी, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांची नळी त्याच्या आधीच संपलेली असते.

कारण .२२ मध्ये दारू चिमूटभर. १६ इंचांच्या आसपास ती जळून संपते, पुढची नळी गोळीला नुसती घासत राहते. नळी आखूड ठेवली की गोळी लवकर बाहेर पडते, तेवढ्यात नेमबाजाचा हात कमी हलतो. आणि पुढची माशी डोळ्यापासून लांब पाहिजे म्हणून ट्यूब जोडायची. म्हणजे नळी आखूड आणि रायफल लांब, दोन्ही फायदे पदरात. त्यामुळे 'आखूड नळीने नेम बिघडतो' हे सरसकट खरं नाही. वेग कमी होतो हे खरं. आखूड नळी उलट जाड असली तर जास्त ताठ राहते. नेम बिघडतो तो साइट जवळ आल्यामुळे आणि धरायला नीट जागा न उरल्यामुळे. दुर्बीण लावली तर साइटचा प्रश्नच मिटला.

---

एडिसनची_सून

डॅलसकरदादा, तुम्ही टेक्सासात आहात म्हणून हे एवढं सोपं वाटतंय. आमच्या न्यू जर्सीत एसबीआर सामान्य माणसाला बाळगताच येत नाही, केंद्राचा फॉर्म भरा नाहीतर भरू नका. न्यू यॉर्क, कॅलिफोर्नियातही तेच. आणि नोंदवलेली रायफल घेऊन दुसऱ्या राज्यात जायचं तर एटीएफकडून आधी लेखी परवानगी काढावी लागते, नुसत्या सहलीला न्यायची असली तरी.

इथले जे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी: मित्राबरोबर रेंजवर जायच्या आधीसुद्धा नियम वाचा. नॉनइमिग्रंट व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्राची मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. सहज म्हणून हातात धरलेल्या रायफलचा फोटो इन्स्टावर टाकणारी मुलं बघितली की पोटात गोळा येतो. ज्या व्हिसासाठी एवढी वर्षं घालवली तो एका फोटोपायी धोक्यात घालायचा?

---

डॅलसकर

सूनबाई, मुद्दा लाखमोलाचा. राज्याबाहेरच्या परवानगीचं मी फारसं मनावर घेतलं नव्हतं. आमची दर वर्षी न्यू मेक्सिकोला शिकारीची फेरी असते, म्हणजे दर वेळी कागद.

फॉर्मबद्दल विचारलं जाईल म्हणून आधीच लिहितो. स्वतः आखूड करायची तर फॉर्म १, तयार घ्यायची तर दुकानदारामार्फत फॉर्म ४. बोटांचे ठसे, फोटो, आणि स्थानिक पोलीसप्रमुखाला प्रत. फॉर्म १ मंजूर झाल्यावरच कामाला हात लावायचा, आधी नाही. मग बनवणारे तुम्ही, म्हणून रायफलच्या अंगावर तुमचं नाव, गाव आणि राज्य कोरून घ्यायचं. थेट आजीच्या पितळी डब्यावर नाव घातलेलं असायचं तसं.

आणखी एक: मंजुरी यायच्या आधी घरात रायफल आणि तिलाच बसणारी आखूड नळी, दोन्ही ठेवू नये. जोडली नसली तरी 'जोडण्याच्या बेतात होता' असा अर्थ काढला जाऊ शकतो.

---

काळाकोट

बरोबर, आणि यावर १९९२ चा थॉमसन सेंटर खटला आहे. कंपनी एक पिस्तूल आणि त्याला लावायचा दस्ता व २१ इंची नळी असा संच विकायची. सगळं कायदेशीर जोडता यायचं, पण पिस्तुलाची १० इंची नळी ठेवून दस्ता लावला की एसबीआर. सरकार म्हणालं, सुटे भाग एकत्र दिले म्हणजे एसबीआर बनवली. कोर्ट कंपनीच्या बाजूने गेलं. तर्क असा की संचाचा कायदेशीर उपयोग होता आणि कायद्याचे शब्द संदिग्ध असतील तर फायदा नागरिकाला. मात्र ज्या सुट्या भागांचा बेकायदा जोडणीशिवाय दुसरा उपयोगच नाही, त्यांना हे संरक्षण नाही.

हेच पिस्तुलाच्या मागे लावायच्या ब्रेसच्या बाबतीत. हाताला बांधायचा म्हणून आलेला तो पट्ट्याचा तुकडा लोक खांद्याला लावू लागले. एटीएफने कधी हो म्हटलं, कधी नाही, कधी 'बघू'. जानेवारी २०२३ मध्ये नियम काढून बहुतेक ब्रेसवाली पिस्तुलं एसबीआर ठरवली, नोंदणीला १२० दिवस दिले. जून २०२४ मध्ये टेक्सासच्या फेडरल न्यायाधीशांनी तो नियमच रद्द केला. लाखो लोक एका रात्रीत गुन्हेगार आणि पुढच्या वर्षी पुन्हा सज्जन! नियम करणाऱ्याने एवढं तरी बघावं की तो पाळणाऱ्याला कळतोय का.

---

मालवणी_माणूस

नमस्कार. मिया सहसा वाचनमात्र असतंय, पण हो धागो बघून रवांक नाय. पुढचा सगळ्यांक समजाक होया म्हणान साध्या मराठीत लिहितो.

आजोबांच्या नावावर बारा बोअरची एक नळी आहे, शेतपीक संरक्षणाचा परवाना. आजोबा गेल्यावर बंदूक रीतसर जमा केली आहे. माकड आणि डुकरांनी बागेची दैना केलीय, म्हणून परवाना माझ्या नावावर करायचं चाललंय. अडचण अशी की नळीचं टोक शेवटच्या दोन-तीन बोटांत फुगलंय. कधीतरी तोंडात चिखल गेला असताना बार उडवला असणार. गावातला एक जुना कारागीर म्हणतो, "चार इंच काप, पुढे वीस वर्षं बघूक नको." बाकीचे म्हणतात भानगडीत पडू नको. काय करू?

---

काळाकोट

मालवणीदादा, हात जोडून सांगतो, त्या कारागिराला चहा पाजा आणि घरी पाठवा.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ६. परवान्याशिवाय कोणत्याही अग्निशस्त्राची नळी आखूड करायची नाही. लक्षात घ्या, या कलमात इंचाचा आकडाच नाही. अमेरिकेत १८ ची १७ केली तरच रायफलवाला... माफ करा, शॉटगनवाला अडकतो, ३० ची २६ केली तर कोणी विचारत नाही. आपल्याकडे कापणं हीच कृती गुन्हा. एक इंच कापा नाहीतर दहा. आणि 'माझ्याकडे बंदुकीचा परवाना आहे' हे उत्तर चालत नाही, बाळगायचा परवाना वेगळा आणि हे काम करायचा वेगळा.

शिक्षा कलम २५(१) खाली. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीआधी ती तीन ते सात वर्षं होती. आता किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप. फुगलेल्या नळीच्या चार इंचांसाठी! त्याच दुरुस्तीने एका प्रकारचं हत्यार दुसऱ्या प्रकारात बदलणंही कलम ६ मध्ये आणलं.

२० इंचांचा आकडा आपल्याकडेही आहे, पण तो दुसऱ्या कामाचा. कलम १३(३) म्हणतं की नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर परवाना 'द्यावा'. नियमावलीत २० इंचांहून आखूड गुळगुळीत नळी प्रतिबंधित वर्गात बसते, स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित शस्त्रांच्या शेजारी. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातली गोष्ट नाही, थेट केंद्राचा विषय.

तुमच्यासाठी मार्ग: २०१६ च्या नियमावलीतला नियम २५, वारसांना परवाना. अर्ज करा. बंदुकीची अवस्था लेखी कळवा. दुरुस्ती करायची तर परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडूनच, आणि तो कापायचं म्हणाला तर त्याच्याकडे त्या कामाचा परवाना आहे का ते कागदावर बघा. नाहीतर ती बंदूक सरेंडर करून वारसा परवान्यावर दुसरी घ्यायची परवानगी मागा. माझा सल्ला या दुसऱ्या मार्गाचाच.

आणि तोवर फुगलेल्या नळीतून एकही बार काढू नका.

---

फौजी_साताऱ्याचा

शेवटच्या ओळीला कडक सॅल्यूट. फुगवटा म्हणजे पोलाद ताणलं गेलंय. पुढचा बार फाडेल की नाही हे देवालाच ठाऊक.

शिवाय चार इंच कापले की चोक गेला. बारा बोअरच्या नळीचं तोंड थोडं निमुळतं असतं, छर्रे एकत्र राहावेत म्हणून. तो भाग टोकालाच असतो. कापल्यावर छर्रे लवकर फाकणार. माकड हाकलायला आवाजच हवा असेल तर फटाकेही आहेत.

---

शांतिप्रिय

एवढी चर्चा वाचली, पण मूळ प्रश्न कोणी विचारला नाही. घरात आखूड रायफल लागतेच कशाला? ब्रिटनने १९९६ च्या डनब्लेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर पुढच्याच वर्षी ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड नळीची किंवा ६० सेंटिमीटरपेक्षा आखूड हत्यारं जवळपास बंदच केली. तिकडे आभाळ कोसळलं नाही.

---

टोरोंटोकर

शांतिप्रिय, मान्य. पण ब्रिटनमध्ये काय झालं ते पण बघा. लोकांनी लांब नळीची रिव्हॉल्व्हर काढली आणि मुठीला मागे एक दांडा जोडला, म्हणजे एकूण लांबी ६० सेंटिमीटर! आकडा ठेवला की आकड्यापुरतं हत्यार बनतं, माणसाचा स्वभाव.

आमच्या कॅनडात तर याहून मजा. रायफल किंवा शॉटगन कापून नळी ४५७ मिलिमीटरच्या खाली आणली, किंवा एकूण लांबी ६६० च्या खाली गेली, की ती प्रतिबंधित. पण हाताने भरायची शॉटगन कारखान्यातूनच साडेआठ इंची नळीची आली आणि एकूण ६६० मिलिमीटर भरली, तर साध्या परवान्यावर मिळते. अस्वलांच्या भागात काम करणारे सर्व्हेवाले अशी पाठीवर बांधतात. म्हणजे इथे करवतीला शिक्षा आहे, आखूडपणाला नाही. मला वैयक्तिक हे बरं वाटतं. करवत चालवणाऱ्याचा हेतू बहुधा लपवण्याचाच असतो.

---

करवीरकर

हेतूचं म्हणाल तर आपल्याकडचे गुन्हेगार कापाकापीच्या फंदात पडतच नाहीत. बातम्या वाचा, जिकडेतिकडे गावठी कट्टा. मुंगेर, आणि आपल्या बाजूला चोपड्याच्या पलीकडे उमर्टी. परवान्याची रायफल कापून स्वतःचा नंबर पोलिसांच्या हातात कोण देईल?

---

पुस्तकी_किडा

शांतिप्रिय यांचा प्रश्न रास्त आहे, पण धाग्याच्या विषयात बसेल एवढंच बोलतो. नळीची लांबी हा धोका मोजायचा चांगला मापदंड आहे का? १६ इंची आणि १४ इंची रायफलीत समोरच्याला काय फरक पडणार? लपवता येणं हा मुद्दा होता, आणि पिस्तूल खुलं ठेवल्यावर तो मुद्दाच संपला. कायदा कडक करायचा तर कोणाच्या हातात जातंय ते बघून करावा, पट्टी घेऊन नव्हे.

---

शांतिप्रिय

पट्टी निदान सगळ्यांना सारखी मोजते. 'कोणाच्या हातात' हे ठरवणारा साहेब तसाच असेल याची हमी कोण देणार? असो, धाग्याचा विषय हा नाही, थांबतो.

---

काळाकोट

शांतिप्रिय यांच्या या मुद्द्याला वकील म्हणून दाद. मोजता येणारा नियम वाईट असला तरी निदान आधी कळतो.

---

सोमवारचा_उपास

भाबडा प्रश्न. डॅलसकरांनी ती रायफल परत येताना भारतात आणली तर?

---

काळाकोट

विसरा. अर्धस्वयंचलित रायफल आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात आहे, नळी १० इंच असो की २०. .३०३ आणि ७.६२ ची लष्करी काडतुसं घेणारी बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खिट्टी ओढायची रायफलसुद्धा त्याच वर्गात. म्हणून तर आपल्याकडे .३१५ चं पीक आलं. इंग्रजांना नागरिकांच्या हातात फौजेचं काडतूस नको होतं, आणि ईशापूर आजही .३१५ बनवतंय. पोलिसांसाठी तर इंग्रजांनी .३०३ ची नळी आतून गुळगुळीत करून एकबारी .४१० मस्केट केली होती, हत्यार पळवलं तरी ते फौजेच्या रायफलीसारखं वापरता येऊ नये म्हणून.

---

फौजी_साताऱ्याचा

त्या मस्केट मी मालखान्यात बघितल्यात. बाहेरून थेट .३०३, नवखा फसतोच.

जाता जाता, ज्यांना आखूड हत्यार खरोखर लागतं त्यांच्याबद्दल. आपली जुनी ९ मिलिमीटरची १ए१ कार्बाइन, आठ इंचांच्या आत नळी, दस्ता मुडपला की एकदम सुटसुटीत. पिस्तुलाची गोळी आखूड नळीतच जळायला बनवलेली असल्यामुळे तिथे आखूडपणाचा तोटा होत नाही. तोटा लांब पल्ल्याचा आणि चिलखताचा. तिला बदली म्हणून पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने ५.५६ ची कार्बाइन तयार केली, आणि २०२५ च्या डिसेंबरअखेरीस सव्वाचार लाखांहून जास्त कार्बाइनचे करार झाले, त्यात भारत फोर्ज आहे. काडतूस आणि नळी एकमेकांसाठी बनली की आखूड हत्यार उत्तम चालतं. डॅलसकरसाहेब, तुम्हाला आखूडच हवं असेल तर ५.५६ कापू नका. .३०० ब्लॅकआउट या काडतुसाची तयार रायफल घ्या, त्याची दारूच नऊ-दहा इंचांत जळेल अशी असते.

---

मालवणी_माणूस

काळाकोटसाहेब, अर्ज टाकला. बंदुकीची अवस्था फोटोसकट लिहून दिली आणि बदली मागितली. बाबू म्हणाला, "एवढा खरा कोण लिहिता?" पण पोच दिली. कारागिराला चहा पाजला.

---

डॅलसकर

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा निर्णय झाला. न्यू मेक्सिकोच्या फेरीला दर वेळी परवानगी, नाव कोरणं, गॅसचं गणित नव्याने, वर कानाचा सत्यानाश, आणि मिळणार काय तर गाडीच्या डिकीत थोडी जागा. रायफल १६ इंचीच राहू दे. मात्र सायलेन्सरवरचाही कर त्याच तारखेपासून शून्य झालाय आणि तो राज्याबाहेर नेताना आधी परवानगी काढावी लागत नाही, फक्त त्या राज्यात चालतो ना ते बघायचं. न्यू मेक्सिकोत चालतो. त्याचा फॉर्म ४ काल भरला.

---

करवीरकर

म्हणजे रायफल आखूड करायला निघाला आणि आठ इंच वाढवून आला की ओ!